रिक्षात सापडलेला मोबाईल आणि नववीतले कथानक, संघर्ष, निवेदक वगैरे

ठाण्यात वर्तकनगरला मी घरीच आठवी ते दहावीच्या मुलांना मराठी आणि इंग्रजी शिकवते, यंदा अकरावं वर्ष. जूनमध्ये नवीन बॅच आली की पहिल्या आठवड्यात ठरलेला प्रश्न येतो, टीचर कथानक म्हणजे सारांशच ना? इंग्लिश मीडियमवाली मुलं प्लॉट, सेटिंग, थीम, कॉन्फ्लिक्ट असे शब्द घेऊन येतात, मराठीवाली कथानक, वातावरण, मध्यवर्ती कल्पना, संघर्ष घेऊन येतात, आणि अडतात दोघंही त्याच ठिकाणी. म्हणून जे नुकते नववीत गेलेत किंवा ज्यांना घरी मुलांना हे शिकवावं लागतंय त्यांच्यासाठी माझा अनुभव लिहितेय.

सुरुवातीची दोन वर्षं मी व्याख्या पाठ करून घ्यायचे. वहीत तक्ता, डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ. मग एकदा टेस्ट घेतली, न वाचलेला उतारा दिला, एक म्हातारे गृहस्थ गावचं घर विकायचं की नाही या विचारात रात्रभर ओसरीवर बसून राहतात अशी गोष्ट. एका मुलीने वरच्या प्रश्नात संघर्षाची व्याख्या अगदी अचूक लिहिली होती, दोन विरोधी इच्छा किंवा शक्ती यांची टक्कर, आणि खालच्याच प्रश्नात, या कथेतला संघर्ष सांगा, तिथे लिहिलं होतं, "या कथेत संघर्ष नाही कारण कोणीच भांडत नाही." हुशार मुलगी, व्याख्येचा एक शब्द चुकला नव्हता. ती वही मी बराच वेळ समोर घेऊन बसले होते. चूक तिची नव्हतीच, मी तिला नाव आधी दिलं होतं आणि वस्तू दाखवलीच नव्हती.

तेव्हापासून मी उलटं करते. आधी गोष्ट, मग त्यात काय काय घडतंय ते बोटाने दाखवायचं, आणि नाव सगळ्यात शेवटी.

आमची गोष्ट कशी झाली ते सांगते. जुलैची संध्याकाळ, धो धो पाऊस, लाइट गेलेले, सहा मुलं आणि एक मेणबत्ती. म्हटलं पुस्तकं ठेवा, गोष्ट रचू. एकेकाने एकेक वाक्य घालत अर्ध्या तासात हे तयार झालं. नववीतला एक मुलगा क्लास सुटल्यावर स्टेशनजवळून वर्तकनगरची शेअर रिक्षा पकडतो. पावसात सीट एका बाजूने भिजलेली, म्हणून तो कडेला सरकतो आणि सीटच्या फटीत हाताला मोबाईल लागतो. नवाकोरा. त्याच्या स्वतःच्या मोबाईलची स्क्रीन फुटलेली, अर्ध्या भागात टच चालत नाही, आणि बाबांनी सांगितलंय की नवीन दहावीनंतरच. तो इकडेतिकडे बघतो आणि मोबाईल दप्तराच्या आतल्या कप्प्यात टाकून चेन लावतो. नितीन कंपनीच्या सिग्नलला रिक्षा थांबते आणि दप्तरात मोबाईल थरथरायला लागतो. तो चेन उघडून बघतो तर स्क्रीनवर एकच शब्द. आई.

बस, एवढीच गोष्ट. हिच्यावर आम्ही आख्खं वर्ष काढलं.

कथानकाचं आधी घ्या, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथे आहे. इंग्रजी कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ साली केंब्रिजला व्याख्यानं दिली होती, त्यातलं उदाहरण मला आजही सगळ्यात सोपं वाटतं. राजा मेला आणि मग राणी मेली, ही नुसती गोष्ट. राजा मेला आणि त्या दुःखाने राणी मेली, हे कथानक. फरक फक्त कारणाचा. आमच्या गोष्टीत पहिल्यांदा मुलांनी लिहिलं होतं, पाऊस पडत होता मग तो रिक्षात बसला मग त्याला मोबाईल सापडला. मी विचारलं, प्रत्येक "मग" काढून तिथे "म्हणून" किंवा "पण" बसतंय का बघा. नाही बसलं. तेव्हा एकीने ती ओली सीट आणली. सीट ओली म्हणून तो सरकला, सरकला म्हणून फटीत हात गेला. वहीत ते वाक्य लिहिलं तेव्हा मुलांचे चेहरे बघण्यासारखे होते, कारण ओली सीट तर सगळ्यांनीच अनुभवलेली, पण ती गोष्टीत काम करू शकते हे कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. सारांश म्हणजे काय घडलं ते थोडक्यात सांगणं, कथानक म्हणजे एका घटनेने दुसरीला कसं जन्माला घातलं त्याची साखळी. पेपरात कथानक विचारलं तर "म्हणून", "त्यामुळे", "पण" हे शब्द तुमच्या उत्तरात दिसले पाहिजेत.

माहिती आणि गोष्ट यांच्यातही मुलं गल्लत करतात. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली गाडी सुटली, १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे, आणि ती आपल्या ठाण्याला आली. ही माहिती, कितीही भारी असली तरी माहितीच. आता त्यात एक मुलगी घाला, जिला आजोबांनी बजावलंय की त्या धूर सोडणाऱ्या भुताजवळ जायचं नाही आणि जिला काही झालं तरी गाडी बघायचीच आहे. झाली गोष्ट सुरू. पात्राला काहीतरी हवं असतं आणि ते सहज मिळत नसतं, एवढं झालं की पुढचं आपोआप यायला लागतं.

पात्र म्हटलं की मुलं विशेषणं लिहितात, प्रेमळ, कष्टाळू, प्रामाणिक, आणि ती तिन्ही कुठल्याही धड्यातल्या कुठल्याही माणसाला चालतात. मी सांगते विशेषण लिही, पण त्याच्यापुढे "कारण" लिहून पात्राने केलेली एक कृती लिही. आमचा मुलगा कसा आहे? त्याने मोबाईल नुसता दप्तरात नाही टाकला, आतल्या कप्प्यात टाकला आणि चेन लावली. त्या चेनमध्ये सगळं आलं, त्याला कळतंय की आपण चुकीचं करतोय. फॉर्स्टर यांनीच पात्रांचे दोन प्रकार सांगितलेत, एक सपाट म्हणजे ज्याचा एकच गुण दिसतो, आणि दुसरं गोल, जे आपल्याला पटेल अशा रीतीने चकित करू शकतं. रिक्षावाला आमच्या गोष्टीत सपाट आहे आणि ते ठीकच आहे, सगळ्यांनाच गोल करायला गेलं तर चार पानांच्या कथेत कोणाचंच धड होत नाही.

वातावरणात जागा आणि वेळ दोन्ही येतात, आणि त्या काळचे रीतिरिवाज, लोकांची परिस्थिती हेही. मुलं फक्त "ठाणे शहर" लिहून मोकळी होतात. पाऊस काढून टाकला तर आमची गोष्ट घडेल का? नाही, सीट ओली होणार नाही. म्हणजे पाऊस इथे नुसता शोभेला नाही.

आता संघर्ष. याच्यासाठीच तर हे सगळं लिहायला घेतलं. रिक्षात भांडण नाही, आवाज नाही, बाजूच्या काकूंना पत्ताही नाही, आणि तरी कॅडबरी जंक्शन येईपर्यंत त्या मुलाच्या आत दोघं जण बोलतायत, एक म्हणतोय ठेव, दुसरा म्हणतोय देऊन टाक. हा आंतरिक संघर्ष. माणूस विरुद्ध माणूस, माणूस विरुद्ध समाज, माणूस विरुद्ध निसर्ग हे बाह्य. बहुतेक चांगल्या कथांमध्ये बाहेरचा आणि आतला दोन्ही असतात आणि बाहेरचा आतल्याला वर काढतो. उत्तर लिहिताना "कोण भांडतंय" हे शोधायला जाऊ नका, "कोणाला काय हवंय आणि आडवं काय येतंय" एवढं शोधा. मी हा प्रश्न भिंतीवर कागदावर लिहून चिकटवलाय.

मोबाईल वाजतो तो उत्कर्षबिंदू. शाळेत याचा एक त्रिकोण काढायला लावतात, चढत जाणारी रेघ, टोक, मग उतरती. ती कल्पना गुस्टाफ फ्रायटाग या जर्मन लेखकाची, १८६३ सालची, आणि त्यांनी ती पाच अंकी नाटकं समोर ठेवून मांडली होती. लघुकथेत टोक मध्यावर असेलच असं नाही, आमच्या गोष्टीत ते जवळजवळ शेवटी आहे. त्यामुळे त्रिकोण सरळ येत नाही म्हणून आपलं उत्तर चुकलं असं समजू नका, जिथून गोष्ट मागे फिरू शकत नाही ती जागा शोधा.

निवेदकावर मला जरा जास्त बोलायचंय. लेखक वेगळा, निवेदक वेगळा, हे पाठ सगळ्यांना असतं, पण कथेत "मी" आला की नव्वद टक्के मुलं "लेखक म्हणतात की" असंच लिहितात. यावर उपाय म्हणून मी तीच गोष्ट रिक्षावाल्याच्या तोंडून लिहायला दिली. एकाने लिहिलं, "आरशात बघितलं तर पोरगं दप्तर पोटाशी धरून बसलेलं, वाटलं पावसात भिजू नये म्हणून धरलंय." संपलं! त्याला मोबाईलचं माहीतच नाही. गोष्ट तीच, रिक्षा तीच, पण सांगणारा बदलला तर वाचकाला काय कळतं आणि काय कळत नाही हे सगळं बदललं. "मी"ने सांगितली तर प्रथमपुरुषी निवेदन, पात्राला "तो" किंवा "ती" म्हणत सांगितली तर तृतीयपुरुषी, आणि जो सगळ्यांच्या मनातलं जाणतो तो सर्वज्ञ निवेदक. लिहिणारा नववीतला मुलगा होता, त्याला रिक्षा चालवता येत नाही, म्हणजे तिथला "मी" तो स्वतः नव्हे, हे त्या दिवशी न सांगता सगळ्यांना कळलं.

पूर्वसूचना, म्हणजे पुढे येणाऱ्या गोष्टीची आधीच पेरलेली खूण, तिचं श्रेय एका अगदी कमी बोलणाऱ्या मुलाला. महिनाभराने तो म्हणाला, टीचर सुरुवातीला त्या मुलाला त्याच्याच आईचा फोन येऊ दे आणि त्याने तो कट करू दे. मी दोन मिनिटं गप्प झाले. त्या एका वाक्याने शेवटच्या "आई"ला केवढं वजन आलं बघा.

मध्यवर्ती कल्पना, विषय आणि तात्पर्य हे तीन वेगळे. विषय एका शब्दात सांगता येतो, इथे सापडलेला मोबाईल. तात्पर्य म्हणजे उपदेश, दुसऱ्याची वस्तू घेऊ नये. मध्यवर्ती कल्पना म्हणजे गोष्ट ज्याच्याभोवती फिरते ते म्हणणं, आणि ते पूर्ण वाक्यात यावं लागतं. आमच्या वर्गाने ठरवलेलं वाक्य होतं, हरवलेल्या वस्तूच्या मागे कोणीतरी वाट बघत असतं. "प्रामाणिकपणा" एवढंच लिहिलंत तर ते अर्धं उत्तर.

अलंकारांना मी एकच उपमेय, म्हणजे ज्याचं वर्णन करायचं ती गोष्ट, घेते, म्हणजे फरक डोळ्यांना दिसतो. ठाणे स्टेशनच्या पुलावरची गर्दी घ्या. गर्दी नदीसारखी वाहत होती, उपमा. गर्दी म्हणजे जणू नदीच, उत्प्रेक्षा. गर्दीची नदी पुलावरून उतरली, रूपक. ही गर्दी नव्हे, नदीच आहे, अपन्हुती. पुराच्या नदीलाही मागे टाकेल अशी गर्दी, व्यतिरेक. ठाण्याच्या गर्दीसारखी फक्त ठाण्याचीच गर्दी, अनन्वय. आणि प्लॅटफॉर्मवरचा इंडिकेटर दमून डोळे मिचकावत होता, इथे निर्जीव वस्तू माणसासारखी वागली म्हणून चेतनगुणोक्ती. नुसते "सारखा" आणि "जणू" हे शब्द शोधत बसलात तर फसाल, कारण "माझ्यासारखा चष्मा तिलाही आहे" यात "सारखा" आहे पण अलंकार नाही, त्यात काही कल्पनाच केलेली नाही. तुम्ही तुमची गर्दी बदला, डीमार्टची रांग घ्या, घोडबंदरचं ट्रॅफिक घ्या, आणि सात वाक्यं स्वतः करा. गाईडमधली उदाहरणं पाठ केली की पेपरात ओळ बदलली की हात थांबतो.

रसांचं, म्हणजे वाचताना किंवा बघताना आपल्या मनात जी भावना जागी होते तिचं, थोडक्यात. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात आठ सांगितले, शांत नंतर धरला गेला आणि नऊ झाले. पात्राला वाटतो तो शोक, वाचकाला येतो तो करुण रस. कथेत कोणी रडलं म्हणून करुण रस होतोच असं नाही.

वाचन मात्र लागतंच, आणि आपल्या ठाण्यात १८९३ सालापासून मराठी ग्रंथ संग्रहालय आहे, तिथून सुट्टीत आईबाबांबरोबर जाऊन एक कथासंग्रह आणा, आठवड्याला एकच कथा वाचा आणि वहीत फक्त तीन गोष्टी लिहा, कोणाला काय हवंय, आडवं काय येतंय, सांगतंय कोण. व्याख्या त्यानंतर वाचा, तेव्हा त्या ओळखीच्या वाटतात.

पेपरातल्या कथालेखनात मुद्दे दिलेले असतात, ते सगळे वापरा, भूतकाळ धरला तर शेवटपर्यंत धरा, शीर्षक द्या पण शीर्षकातच शेवट सांगून टाकू नका, आणि "तेवढ्यात त्याला जाग आली" हा शेवट कृपा करून करू नका.

आमच्या गोष्टीच्या शेवटावरून तर वर्गात वादच झाला. कोणी पोलीस आणले, कोणी बक्षीस दिलं, एकाने त्या मुलाला नवीन मोबाईलच मिळवून दिला. मी सगळ्यांच्या वह्या घरी वाचल्या. त्या कमी बोलणाऱ्या मुलाच्या वहीत दोनच ओळी होत्या, त्याने हिरवं बटण सरकवलं आणि म्हणाला, "हॅलो काकू, मी रिक्षातून बोलतोय." आणि खाली, फोन ठेवल्यावर त्याने आपला फुटका मोबाईल काढला आणि घरी फोन लावला.