नव्या घडीच्या चाकूला धार लावताना या चुका टाळा

नवा घडीचा चाकू हातात आला की लोकांना पहिली खाज सुटते ती धार लावायची. अहो, आधी तो कापतो का ते तर बघा! वर्तमानपत्राचा कागद हवेत धरा आणि पातं कडेवरून खाली ओढा. सरसर गेलं तर दगड माळ्यावरच राहू द्या. कारखान्यातून आलेली चांगली धार पहिल्याच आठवड्यात घासून घालवणारे मी भरपूर पाहिलेत.

त्यांना नावं ठेवायचा मला फारसा हक्क नाही. माझा पहिला चाकू ओपिनेल या फ्रेंच कंपनीचा, आठ नंबर, कार्बन स्टीलचा. पातं ८.५ सेंटीमीटर. महिनाभरात धार उतरली. दगडावर कोण घासत बसणार, म्हणून आतेभावाच्या वर्कशॉपात जाऊन ग्राइंडर चालू केला. ठिणग्या उडाल्या, मजा वाटली. दुसऱ्या फेरीला टोकाकडे गव्हाळ रंग चढला, मग मोरपंखी निळा. आतेभाऊ चहा घेऊन आला, टोकाकडे बघून एवढंच म्हणाला, "पाणी उतरवलंस की रे त्याचं."

निळा रंग म्हणजे पोलाद ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलं आणि दिलेलं पाणी, म्हणजे कडकपणा, गेला. पुढे टोकाचा भाग दोन कैऱ्या चिरल्या की बोथट. ते मऊ टोक दगडावर झिजवण्यात कितीतरी रविवार गेले. आज पातं मोजलं तर जेमतेम ८ भरतं. स्टेनलेसवर तर हा रंग आणखी उशिरा दिसतो, त्यामुळे फसायला जास्त होतं. घरच्या चाकूला ग्राइंडर नको म्हणजे नको.

दुसरी चूक माझ्या डोक्यात जाते, कारण ती निव्वळ घाईतून होते. एका बाजूला दहा वेळा घासायचं, दुसऱ्या बाजूला दहा वेळा, मग नखावर धार बघायची आणि "दगडच बेकार" म्हणायचं. दगडाचा काय दोष? एका बाजूने घासत राहिलात की धातू पलीकडे बारीकसा वळतो. वर्कशॉपात त्याला बर म्हणतात. अंगठा पात्याच्या पाठीकडून धारेकडे अलगद नेला (धारेवरून आडवा नव्हे, बोट जाईल) की खरखर लागते. मुठीपासून टोकापर्यंत ती सलग लागेपर्यंत बाजू बदलायची नाही. दहा वेळांत येईल किंवा साठ वेळांत. मी आकडे मोजत नाही, अंगठ्याला विचारतो. मग दुसरी बाजू, तशीच. शेवटी हलक्या हाताने आलटूनपालटून, आणि जुन्या कातडी पट्ट्यावर पाठ पुढे ठेवून वीसेक वेळा. बर राहिला तर चाकू त्या दिवशी केस कापतो आणि दुसऱ्या दिवशी टोमॅटोवरून घसरतो.

खरखर येतच नसेल तर कोन हलतोय. धारेच्या उतारावर मार्कर फिरवा, चारदा घासा. शाई धारेलगत तशीच राहिली तर पाठ जास्त खाली आहे, नुसती धारेवरचीच गेली तर जास्त वर. २० अंश म्हणजे किती? पातं २ सेंटीमीटर रुंद असेल तर पाठ दगडापासून साधारण ७ मिलिमीटर वर. मी सुरुवातीला चार-पाच नाण्यांची चळत शेजारी ठेवायचो. लाजायचं काय त्यात.

बाकीचं थोडक्यात. नव्या चाकूला दगडाची खरबरीत बाजू लागत नाही, १००० ग्रिटने भागतं (ग्रिट म्हणजे दगडाच्या दाण्याचा बारीकपणा). दगडावर खोबरेल ओतू नका, थंडीत थिजतं आणि छिद्रं बुजतात. पाणी पुरतं. जोर लावू नका. त्या खाचेतून चाकू ओढायच्या दहा सेकंदांच्या यंत्राबद्दल मला विचारू नका. लॉक नसलेला चाकू टोकावर दाबू नका, पातं बोटांवर मिटतं. अधूनमधून धार जागवायला चिनी मातीच्या कपाचं बूड बेस्ट, त्याची बिनचकाकीची कड.

काम झाल्यावर सांध्यातला दगडाचा गाळ धुवा, पुसा, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडा. लाकडी मूठ मात्र भिजवू नका. मी एकदा ओपिनेल पाण्याच्या परातीत ठेवून फोन घ्यायला गेलो. लाकूड असं फुगलं की पातं मिटेचना. दोन दिवस तो उघडाच पंख्याखाली, फ्रीजच्या डोक्यावर पडून होता.