हॅलोविनला कडेवरच्या लेकरांच्या पिशवीत काय टाकायचं

आमच्या सिडकोतल्या कॉलनीत हे हॅलोविनचं फॅड आता चांगलंच रुजलंय, 31 ऑक्टोबरला लेकरं भूतं बनून दारोदार हिंडायलेत. 2024 ला तर त्याच दिवशी नरकचतुर्दशी आली होती, म्हणजे पहाटे उटणं लावून अंघोळ अन संध्याकाळी परत तोंडाला काळं फासायचं. मोठ्यांचं ठीक आहे हो, पण आता आया कडेवरच्या लेकरांच्या हातात पण पिशवी द्यायल्यात अन लोकं त्यातही गोळ्याच टाकायलेत. मागच्या साली माझ्या दहा महिन्यांच्या भाचीच्या तोंडातून मी कडक गोळी काढली, कागदासकट चोखत होती. तवापासून छोट्यांसाठी माझी टोपलीच वेगळी असते.

आधी एक करा, टिश्यू रोल संपला की आतली पुठ्ठ्याची नळी फेकू नका. जी वस्तू तिच्यातून आरपार जाते ती तान्ह्याच्या घशात अडकू शकते, सरळ बाजूला काढायची. शेंगदाणे, चिक्की, अख्खी द्राक्षं, पॉपकॉर्न, हे तर चार वर्षांपर्यंत नकोच. दोन वर्षांच्या आत साखर नको अन वर्षाच्या आत मध बोटभरसुद्धा नको, आजी कितीही म्हणू दे. सहा महिन्यांच्या आतलं लेकरू असेल तर खाऊचा विषयच नाही.

मग टाकायचं काय? मी मोसंबी टाकते, आपल्या जालन्याची, ऑक्टोबरात बाजारात भरपूर असते. कुणी म्हणेल भोपळ्यावर भुताचं तोंड कोरायच्या सणाला मोसंबी कशी, तर आयर्लंडमध्ये पण आधी सलगमच कोरायचे, अमेरिकेत गेल्यावर भोपळा आला, मग जालन्यात मोसंबी का नको. सालीवर मार्करनं डोळे-दात काढायचे अन ती आईच्या हातात द्यायची, लेकराच्या नाही, ते साल चाटतं. घरी गेल्यावर पापुद्रा अन बिया काढून नुसता गर भरवायचा.

केळं तर त्याहून भारी. बोथट टूथपिकनं सालीवर हलक्या हातानं भुताचं तोंड काढा, सालीच्या आत घुसू देऊ नका, थोड्या वेळात रेघा आपोआप काळ्या पडतात, रंग नाही का काही नाही. सीताफळाचा पण हाच सीझन, बालाघाटातली सीताफळं गोडच, पण बिया इतक्या निसटत्या की मी पिशवीत टाकतच नाही. कापलेलं, शिजवलेलं काहीच टाकू नका, रात्रीपर्यंत आंबतं. लाल भोपळा द्यायचाय तर घरच्या घरी, साल काढून बोटाएवढ्या लांब फोडी वाफवा, दोन बोटांत दाबली की लगदा व्हायला पाहिजे.

पण खरं सांगू, वर्षाच्या लेकराला खाऊपेक्षा हातात धरायला काहीतरी पाहिजे असतं. जुन्या धुतलेल्या सुती पंचाचा हातभर चौकोन घ्या, मधे धुतलेल्या मोज्याचा बोळा ठेवा, खाली गळा आवळून तिथंच पक्के टाके घाला, लोंबता दोरा ठेवू नका. झालं भूत. डोळे काळ्या दोऱ्यानं भरा, मणी, बटणं, टिकल्या अजिबात नको, उपटून खातात. अन आईला सांगा की झोपताना हे पाळण्यात ठेवायचं नाही. फुगे अन लुकलुकणारे स्वस्त लाईटवाले खेळणे पण देऊ नका, फुटलेल्या फुग्याचा तुकडा घशाला चिकटतो अन त्या लाईटमधला बटणाएवढा सेल गिळला तर आतून जाळतो, तेव्हा लगेच दवाखानाच गाठावा लागतो.

मागच्या साली आठ भूतं शिवली होती मी. सासूबाईंनी एकेक हातात घेऊन बघितलं अन म्हणल्या, एवढी गोरी लेकरं, दृष्ट लागंल की. मग आठही भुतांच्या गालावर काळ्या दोऱ्याची तीट भरायला लावली.