कशावरून? : पुण्यात वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करताना

पहिल्या सत्रातल्या एका प्रॅक्टिकलला आमच्या मॅडमनी गवताची एक काडी वॉच ग्लासमध्ये ठेवली आणि विचारलं, "हे काय आहे?" वेताळ टेकडीवर दसऱ्यानंतर फिरून आलेल्या प्रत्येकाच्या मोज्यात हे कुसळ अडकलेलं असतं. मी लगेच म्हटलं, "कुसळी गवत, हेटेरोपोगॉन कॉन्टॉर्टस." मॅडम म्हणाल्या, "नाव बरोबर आहे. कशावरून?"

मला उत्तर देता आलं नाही. बी.एस्सी.ची तीन वर्षं मी नावं पाठ केली होती, कशावरून हे कुणी विचारलंच नव्हतं. त्या दिवशी तीन तास आम्ही ती एकच काडी सोडवत बसलो. सुईच्या टोकाने कणिशकं, म्हणजे गवताच्या फुलोऱ्यातले सुटे छोटे भाग, वेगळी केली. ती जोडीने येतात, एक बिनदेठाचं आणि एक देठाचं. खालच्या जोड्यांना कुसळ नसतं. वरच्या जोड्यांतल्या बिनदेठाच्या कणिशकाला लांब, तपकिरी, पीळ असलेलं कुसळ असतं आणि त्याच्या बुडाशी सुईसारखं टोक. त्या टोकावरचे केस सगळे मागे वळलेले. मग मॅडमनी ड्रॉपरने पाण्याचा एक थेंब त्या पिळावर टाकला. काही क्षणांतच कुसळ हललं, हळूहळू पीळ सुटू लागला आणि बी स्वतःभोवती फिरायला लागलं. पाऊस पडला की ते असंच फिरत जमिनीत शिरतं आणि मागे वळलेल्या केसांमुळे बाहेर येत नाही. मोज्यातून ते निघत का नाही, हेही तेव्हाच कळलं.

वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करू का, त्यात नक्की काय शिकवतात, असं मला दरवर्षी मे-जूनमध्ये कुणी ना कुणी विचारतं. माझं उत्तर या प्रसंगापासूनच सुरू होतं. दोन वर्षं, चार सत्रं, आणि प्रत्येक सत्रात हा एकच प्रश्न वेगवेगळ्या कपड्यांत समोर येतो.

अभ्यासक्रमाचा आराखडा बहुतेक ठिकाणी सारखाच असतो, मग तो गणेशखिंडीतला विद्यापीठाचा विभाग असो की शहरातलं एखादं कॉलेज. शैवालं, बुरशी, ब्रायोफाइट्स, नेचे, अनावृतबीजी, सपुष्प वनस्पतींचं वर्गीकरण, अंतर्रचना, भ्रूणविज्ञान, पेशीविज्ञान, आनुवंशिकी, शरीरक्रियाशास्त्र, जैवरसायन, परिसंस्था, रेण्वीय जीवशास्त्र, संख्याशास्त्र. नव्या शैक्षणिक धोरणानंतर संशोधन पद्धती, कामावरचं प्रशिक्षण आणि संशोधन प्रकल्प यांना स्वतंत्र जागा मिळाली आहे. यादी वाचून घाबरू नका. यातला बराचसा भाग बी.एस्सी.ला ओळखीचा झालेला असतो, इथे तो हाताने करायचा असतो.

हाताने म्हणजे खरोखर हाताने. कण्हेरीच्या पानाचा काप घेणं हे त्याचं चांगलं उदाहरण. पान बटाट्याच्या फोडीत धरायचं, ब्लेड पाण्याने ओलं ठेवायचं आणि एका दिशेने, न थांबता ओढायचं. पहिले वीस-पंचवीस काप जाड येतात. मग एखादा असा येतो की तो पाण्यात दिसतसुद्धा नाही. तोच सॅफ्रानिन या लाल रंगात टाकायचा. सूक्ष्मदर्शकाखाली पानाच्या खालच्या बाजूला खोल खळगे दिसतात, त्यात पर्णरंध्रं, म्हणजे पानातलं पाणी वाफ होऊन जातं ती बारीक छिद्रं, दडलेली आणि भोवती केसांची दाटी. रस्त्याच्या दुभाजकावर एप्रिलच्या उन्हात कण्हेर हिरवी कशी राहते, याच्या उत्तराचा मोठा भाग त्या खळग्यांत असतो. पुस्तकातली आकृती मी कितीदा काढली होती, पण स्वतःच्या कापात तो खळगा दिसला तेव्हा मी शेजारच्या मैत्रिणीला ओढून दाखवला.

कांद्याच्या मुळाच्या टोकातली गुणसूत्रं मोजणं हेही असंच संयमाचं काम. मुळं ठरलेल्या वेळी तोडून फिक्स करायची, म्हणजे रसायनात टाकून पेशी आहेत त्या अवस्थेत थांबवायच्या, आम्लात मऊ करायची, रंग द्यायचा आणि काचपट्टीवर अंगठ्याने बरोबर तेवढाच दाब द्यायचा. कमी पडला तर पेशी एकावर एक, जास्त पडला तर गुणसूत्रं विखुरतात. सोळा मोजून होईपर्यंत उठायचं नाही. हरितद्रव्याचं मापन त्यामानाने सरळ आहे: ८० टक्के ॲसिटोनमध्ये पान घोटायचं, ६४५ आणि ६६३ नॅनोमीटरला वाचन घ्यायचं आणि आर्नॉनच्या १९४९ च्या सूत्रात घालायचं. त्यात फारसं अवघड नाही. फक्त ॲसिटोन उडून जाऊ देऊ नका.

वर्गीकरणाबद्दल मात्र मी जास्त लिहिणार आहे, कारण नवे विद्यार्थी त्यालाच सगळ्यात जास्त घाबरतात. पुण्यात हा विषय शिकायला मिळणं हे भाग्य आहे. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राचार्य राहिलेल्या थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याची फ्लोरा, म्हणजे तिथल्या वनस्पतींच्या वर्णनाचा ग्रंथ, लिहिली, आणि आजही झाड ओळखताना आम्ही आधी तीच उघडतो. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र १९५५ पासून पुण्यात आहे. आघारकर संशोधन संस्थेचंही हर्बेरियम, म्हणजे वाळवून कागदावर लावलेल्या वनस्पतींचा संग्रह, आहे. आपण गोळा केलेलं झाड शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी त्याच डोंगरावर गोळा केलं होतं आणि ती शीट आपल्यासमोर उघडी आहे, त्यावर त्या माणसाचं हस्ताक्षर आहे, हा अनुभव परवानगीचं पत्र घेऊन एकदा तरी घ्याच.

माझी पहिली हर्बेरियम शीट वाया गेली. पहिल्याच पावसाळी फील्डला मी उत्साहाने चाळीसएक नमुने आणले, वर्तमानपत्रात घालून प्रेस, म्हणजे नमुने दाबून वाळवायची चौकट, घट्ट बांधला आणि चार दिवस गावी गेले. परत आले तर कागद ओले, पानं काळी पडलेली, काहींवर बुरशी. पावसाळ्यात पहिले काही दिवस रोज कागद बदलावा लागतो, मांसल पानांसाठी तर दिवसातून दोनदा. त्याहून मोठी चूक म्हणजे वहीत मी फुलांचे रंगच लिहिले नव्हते. वाळल्यावर जांभळं, गुलाबी, निळं सगळं तपकिरी होतं. झाड किती उंच होतं, साल कशी होती, वास येत होता का, उतार कुठल्या दिशेला होता, हे शीटवर दिसत नाही. ते तिथेच उभं राहून लिहायचं असतं. वहीतल्या नोंदीशिवाय शीट म्हणजे वाळलेला पाला, हे त्या दिवशी मॅडमनी न रागावता समजावलं.

नावं बदलतात याचा नव्या मुलांना फार राग येतो. बाभूळ आम्ही अकेशिया निलोटिका म्हणून शिकलो, आता ती व्हॅचेलिया आहे आणि खैर सेनेगालिया झाला. यामागे कुणाची लहर नाही. अकेशिया हा मोठा गट एकाच पूर्वजापासून आलेला नाही हे दिसल्यावर त्याचे तुकडे करावे लागले, आणि अकेशिया हे नाव कुठल्या तुकड्याकडे राहणार यावर २००५ च्या व्हिएन्ना आणि २०११ च्या मेलबर्नच्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदांत मोठा वाद होऊन ते ऑस्ट्रेलियातल्या जातींकडे गेलं. बेंथम आणि हूकर यांची वर्गीकरण पद्धत हर्बेरियमच्या कपाटांच्या मांडणीसाठी शिकायची आणि एपीजी, म्हणजे डीएनएवर आधारलेली नवी पद्धत, वनस्पतींच्या नातेसंबंधांसाठी. दोन्ही लागतात, त्यामुळे एकीला जुनी म्हणून सोडून देऊ नका.

प्रयोगशाळेतला आधुनिक भाग, म्हणजे डीएनए वेगळं करणं, पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवणं), जेल (त्याचे तुकडे लांबीनुसार वेगळे करणं), अनुक्रमांची तुलना, हे आता सगळीकडे आहे, पण उपकरणं किती चालू स्थितीत आहेत हे प्रवेश घेण्याआधी सीनियर मुलांना विचारून घ्या. मी जिथे शिकले तिथलं पीसीआर मशीन आमच्या दुसऱ्या वर्षात बराच काळ बंद होतं आणि आम्ही तो प्रयोग फळ्यावर शिकलो. ती उणीव पुढे मला एका उन्हाळी इंटर्नशिपमध्ये भरून काढावी लागली.

ऊतिसंवर्धनाचं, म्हणजे झाडाच्या तुकड्यापासून बाटलीत रोपं वाढवण्याचं, उलट झालं, ते भरपूर केलं. मुराशिगे आणि स्कूग यांचं १९६२ चं पोषक माध्यम, पीएच ५.८, निर्जंतुक करायला ऑटोक्लेव्ह १२१ अंशांवर. हे आकडे झोपेतही सांगता येतील. पण आमचा पहिला अख्खा रॅक तिसऱ्या दिवशी बुरशीने भरला. कुणाची चूक हे शोधण्यात आम्ही एक दिवस भांडलो. मग सरांनी प्रत्येक बाटलीत बुरशी कुठून सुरू झाली ते काढायला लावलं. खोडाच्या तुकड्याभोवती असेल तर निर्जंतुकीकरण कमी पडलं, माध्यमाच्या पृष्ठभागावर कुठेही असेल तर हात किंवा हवा. आमच्या बहुतेक बाटल्यांत ती तुकड्याभोवतीच होती. पुन्हा तोच कशावरून. याच शहरात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी बाटलीत वाढवलेल्या बांबूला फुलं आणली होती आणि ते काम १९९० साली 'नेचर'मध्ये छापून आलं. अनेक बांबू फुलण्यासाठी कित्येक दशकं वाट पाहायला लावतात, हे लक्षात घेतलं की त्या कामाचं मोल कळतं. पाषाण रस्त्यावरून, त्या प्रयोगशाळेसमोरून, बस जाते तेव्हा मला अजून ते आठवतं.

संशोधन प्रकल्पाचा विषय निवडताना एकच गोष्ट ध्यानात ठेवा. तुमचं झाड कधी फुलतं? पश्चिम घाटातल्या कितीतरी वनस्पती पावसाळ्याचे काही आठवडेच फुलतात. गाइड मिळेपर्यंत सप्टेंबर उजाडला तर तुमचा विषय पुढच्या वर्षावर जातो, आणि पुढचं वर्ष तुमच्याकडे नसतं. म्हणून पुण्याहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल असं ठिकाण आणि बारमाही काही दिसेल असा विषय घ्या. मी टेकडीचा एक उतार घेतला. गिरिपुष्पाच्या लागवडीखाली आणि शेजारच्या उघड्या गवताळ भागात, सुतळीने एक मीटरचे चौकोन आखून दर महिन्याला काय उगवतं ते मोजलं. झाडांखाली जाती कमी दिसल्या. मी लिहिलं, "सावलीमुळे." गाइडनी त्याखाली पेन्सिलीने लिहिलं, "सावली, पाचोळा, की माती? कशावरून?" मग प्रकाश मोजला, पाचोळ्याची जाडी मोजली, मातीचे नमुने नेले आणि शेवटी प्रबंधात कारण ठामपणे लिहिलं नाही. परीक्षेला आलेल्या बाहेरच्या परीक्षकांना तेच आवडलं.

नोकरीचं विचाराल तर पाठ्यपुस्तकी रस्ता सगळ्यांना माहीत आहे: नेट किंवा सेट या पात्रता परीक्षा, मग प्राध्यापकी किंवा पीएच.डी. गेट द्यायचं असेल तर जीवशास्त्राच्या पेपरमध्ये वनस्पतिशास्त्र निवडता येतं, पण रसायनशास्त्र सक्तीचं असतं, ते शेवटच्या महिन्यावर ढकलू नका. भारतीय वनसेवेच्या परीक्षेला हा वैकल्पिक विषय घेता येतो. याशिवाय बियाणे कंपन्या, केळीची ऊतिसंवर्धित रोपं करणाऱ्या प्रयोगशाळा, पर्यावरणीय आघात मूल्यांकन करणाऱ्या सल्लागार संस्था, शहरांची वृक्षगणना.

मी सध्या आयुर्वेदिक कच्च्या मालाची तपासणी करते. अशोकाची साल म्हणून आलेल्या पोत्यात बऱ्याचदा सोसायट्यांच्या कुंपणाला लावतात त्या उंच, सरळ आसुपालवाची साल असते. त्यालाही लोक अशोकच म्हणतात. खरा सीता अशोक वेगळा, तो शिंबावंतांतला, म्हणजे शेंगा धरणाऱ्या कुळातला, तर आसुपालव सीताफळाच्या कुळातला. भुकटी झाल्यावर डोळ्यांना दोन्ही सारख्याच. तेव्हा काचपट्टीवर चिमूटभर भुकटी घेऊन पेशी, तंतू आणि स्फटिक पाहायचे. माल नाकारला की पुरवठादाराचा फोन येतो आणि तो पहिलं वाक्य तेच म्हणतो, "कशावरून?" आता मला उत्तर देता येतं.

एक विनंती, जी मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला करते. दुर्मिळ झाड सापडलं तर उपटू नका. फोटो काढा, मोजमापं घ्या, वनक्षेत्रात असाल तर परवानगीशिवाय फांदीही तोडू नका. आणि नेमकी जागा सगळ्यांना सांगत सुटू नका.

मी मूळची जुन्नर तालुक्यातली. फ्रेरिया इंडिका ही वनस्पती जगात फक्त महाराष्ट्रात सापडते आणि डाल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञांना ती जुन्नरच्या डोंगरात मिळाली, मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांचं नाव त्यांनी तिला दिलं, हे मला एम.एस्सी.च्या वर्गात कळलं. आता तिला बूसेरोशिया फ्रेरी म्हणतात. ज्या डोंगरांखाली मी वाढले तिथलं हे झाड मी पाहिलंही नव्हतं. दुसऱ्या वर्षी गणपतीच्या सुट्टीत एका कड्यावर ते दिसलं. कुठल्या, ते इथे लिहीत नाही. मांसल, लोंबत्या फांद्या, टोकांना पानं आणि गर्द तांबडी, तारेसारखी पाच पाकळ्यांची फुलं, कडांना बारीक केस. जवळ गेल्यावर कुबट वास आला. तो माश्यांसाठी.

घरी येऊन आजीला मोबाइलवर फोटो दाखवला. कुरडू, टाकळा, भारंगी, सगळ्या रानभाज्या मी तिच्याकडून शिकले. मी म्हटलं, "आजी, हे आपलं माकडशिंग का गं? तू लहानपणी खायचीस ते?"

तिने चष्मा लावला, फोटो डोळ्यांजवळ नेला. "नाय गं. माकडशिंगाला पानं कुठं असत्यात? याला बघ की, पानं हायती."

माकडशिंग आणि फ्रेरिया एकाच गटातल्या. त्या गटातल्या इतर वनस्पतींपासून फ्रेरिया वेगळी ओळखायची ती याच पानांवरून. मी फील्डची वही काढली आणि स्थानिक माहितीच्या रकान्यात तिचं वाक्य तिच्याच शब्दांत लिहून घेतलं, खाली तारीख टाकली.