बेंदराआधी घुंगरं घासायचा फिरता डबा

कर्नाटकी बेंदूर, म्हणजे आमच्याकडचा बैलांचा सण, ज्येष्ठ पौर्णिमेला. तो आठवड्यावर आला की आमच्या निपाणी-चिकोडीकडे कळकलेल्या घुंगरमाळा खुंटीवरून खाली येतात. एकेक घुंगरू चिंचेनं घासायचं म्हणजे बोटांची सालपटं निघतात. नेमबाज लोक वापरलेली पितळी काडतुसं फिरत्या डब्यात घालून साफ करतात, तीच युक्ती घुंगरांनाही चालते. (खुद्द काडतुसांच्या नादाला लागू नका. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे ती बनवायला परवाना लागतो.)

सामान असं : रंगाची २० लिटरची झाकणाची बादली, भंगारातली मोटारीची वायपर मोटर, १२ व्होल्ट १० अँपिअरचा पॉवर सप्लाय, दोन रबरी चाकं, प्लायवूड. मोटर घेताना दांड्यावरचा नट मागून घ्या, नंतर त्याच आट्यांचा मिळवायला बाजार पालथा घालावा लागतो. मला सगळं मिळून हजार-बाराशे पडले.

वायपरचीच मोटर का? बादली फार जोरात फिरली तर माल भिंतीला चिकटून गोल फिरत राहतो, घासणं होतच नाही. तो अर्ध्यावर चढून घसरत खाली कोसळला पाहिजे. २८ सेंटिमीटर व्यासाच्या बादलीत मिनिटाला ८० फेऱ्यांच्या आसपास माल चिकटतो. वायपर मोटर हळू वेगाला साधारण ४५ फेरे देते. म्हणजे पुली-पट्ट्याची भानगडच नको.

आधी बादलीच्या बुडाला आतून-बाहेरून प्लायची गोल चकती लावून चार बोल्टांनी आवळा. मधोमध भोक पाडून मोटरीचा दांडा नटानं पक्का करा. केंद्र दोन-तीन मिलिमीटर जरी चुकलं तरी बादली लंगडत फिरते, तेव्हा इथं घाई नको. मग लाकडी चौकटीवर मोटर अशी बसवा की बादलीचं तोंड थोडं वर राहील, आणि तोंडाजवळ खालून दोन चाकांचा आधार द्या. आतल्या गुळगुळीत भिंतीवरून माल नुसता घसरतो, म्हणून वायरिंगच्या केसिंगच्या तीन उभ्या पट्ट्या आतून स्क्रूनं बसवा. मोटरीच्या वायरींपैकी हळू वेगाची कुठली ते क्षणभर लावून बघा. मध्ये १० अँपिअरचा फ्यूज हवाच.

घासायला मक्याची बुरकुंडं, म्हणजे दाणे काढल्यावर उरतो तो भाग. आपल्याकडे ती चुलीत जातात. कडक उन्हात वाळवून कुटा आणि चाळा. पहिल्या खेपेला मी रव्याएवढा बारीक भुगा घातला. चार तासांनी घुंगरं सोन्यासारखी निघाली, पण वाजेनात! फटीतून आत गेलेला भुगा गोळीभोवती दाबून बसला होता. दाभण घेऊन अख्खा दिवस कोरत बसलो, आणि बायको मुद्दाम एकेक घुंगरू कानाशी हलवून बघत होती. तेव्हा फटीतून आत जाणारच नाहीत असे, तूरडाळीएवढे तुकडे ठेवा. फट नसलेल्या घंटा, समया, कड्यांना खानापूरकडचं भाताचं तूसही चालतं. तुसात सिलिका असते, ती हलकं घासते.

चामडी पट्टा काढून माळ सोडवा. माती धुऊन घुंगरं पूर्ण वाळवा. बादली एक चतुर्थांशच भरायची : एक वाटा पितळ, दोन वाटे बुरकुंडं, सगळं तीन-चार किलोच्या आत. झाकण घट्ट लावा. वायपर मोटर तासन् तास चालायला बनवलेली नसते; पाऊण तास चालवून हात लावून बघा, तापली तर थंड होऊ द्या. असे तीन-चार हप्ते पुरतात. उघडताना तोंडाला फडकं बांधा, हिरव्या कळंकाची धूळ नाकात नको.

कळंक फारच जुना असेल तर आधी लिंबूसत्वाच्या पातळ पाण्यात पाचेक मिनिटं बुडवून लगेच धुवा. जास्त वेळ ठेवलं तर जस्त निघून पितळ तांबूस पडतं. अमोनिया असलेलं पॉलिश मात्र टाळा. ब्रिटिश काळात हिंदुस्थानातल्या फौजेची काडतुसं पावसाळ्यात तबेल्यात ठेवली की आपोआप तडकत. १९२१ मध्ये त्याचा उलगडा छापून आला : घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया आणि घडवताना पितळात राहिलेला ताण. पत्रा दाबून केलेल्या घुंगरांतही तो ताण असतो, आणि आपण माळा टांगतो त्या गोठ्यातच. आमच्या माळा आता बेंदूर झाला की माजघरात जातात. बैलांची तक्रार नाही, आईची आहे.