कम्युनिटी कॉलेजातून इंग्रजीची पदवी: पहिल्या टर्मपासून विद्यापीठापर्यंतची तयारी

कॅलिफोर्नियात 116 कम्युनिटी कॉलेजं, म्हणजे पदवीची पहिली दोन वर्षं शिकवणारी सरकारी कॉलेजं, आहेत. तिथं दोन वर्षं शिकून विद्यापीठात थेट तिसऱ्या वर्षाला जाणं ही तिथली रुळलेली वाट आहे. तरीही बे एरियातल्या (सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या) मराठी घरांत हा विषय निघाला की आवाज जरा खाली येतो, आणि मुलीला इंग्रजी साहित्य घ्यायचं असेल तर आणखीच. घरातला वाद जमेल तसा मिटवा, पण तयारी त्यासाठी अडवून ठेवू नका. इंग्रजी हा मोकळाढाकळा विषय वाटतो, कुठलाही कोर्स कधीही घेतला तरी चालेल असं वाटतं. ट्रान्सफरच्या, म्हणजे कॉलेजातून विद्यापीठात जाण्याच्या बाबतीत तसं नाही. कुठं जायचं ते आधी ठरवायचं आणि तिथून मागं मागं येत पहिल्या टर्मचे कोर्स निवडायचे.

तेव्हा पहिलं काम म्हणजे कॅल स्टेट (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) की यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया), या राज्याच्या दोन विद्यापीठ व्यवस्थांपैकी कोणती, याचा निदान अंदाज बांधणं. कॅल स्टेटकडे जायचं असेल तर कॉलेजात इंग्रजीची ‘एए-टी’ पदवी आहे का ते पाहा. 2010 च्या कायद्यानं ही खास ट्रान्सफरसाठीची पदवी आली. 60 सेमिस्टर युनिट (कोर्सचं वजन मोजायचं माप) आणि किमान 2.0 जीपीए (4 पैकी सरासरी गुण) असला की कॅल स्टेटमध्ये जागेची हमी मिळते आणि पुढची पदवी आणखी 60 युनिटांत पुरी करता येते. यातली मेख लक्षात ठेवा. हमी कॅल स्टेट व्यवस्थेची आहे, तुमच्या आवडत्या कॅम्पसची नाही. लाँग बीच किंवा सॅन डिएगोसारख्या गर्दीच्या ठिकाणी 2.0 घेऊन जागा मिळेल अशी आशा धरू नका. घरापासून कोणते कॅम्पस जवळ आहेत, त्यातले कोणते खरंच चालतील, हे आधीच ठरवा.

यूसीचं गणित वेगळं. डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ हे सहा कॅम्पस ‘टॅग’ नावाची प्रवेशहमी देतात. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो देत नाहीत. टॅग एकाच कॅम्पससाठी भरता येतो. जीपीएची आणि कोर्सची अट प्रत्येक कॅम्पसची निराळी असते, म्हणून ती त्या वर्षीच्या पत्रकातच वाचा, मैत्रिणीच्या दादानं तीन वर्षांपूर्वी काय केलं त्यावर जाऊ नका. यूसीएलए डोळ्यासमोर असेल तर आपल्या कॉलेजचा ऑनर्स (वरच्या पातळीच्या कोर्सचा) कार्यक्रम तिथल्या ‘टॅप’ या ट्रान्सफर योजनेशी जोडलेला आहे का, हे पहिल्याच टर्ममध्ये विचारा. दुसऱ्या वर्षी जाग आली तर ऑनर्सचे कोर्स पुरे होत नाहीत.

आता ‘असिस्ट’ ही सरकारी साइट उघडा. कॉलेजचा कोणता कोर्स विद्यापीठात कशाच्या जागी चालतो, ते तिथं कळतं. तुमचं कॉलेज, विद्यापीठ आणि मेजर (मुख्य विषय) इंग्लिश निवडा. जे पान येईल ते छापून घ्या, आणि डोळ्यासमोरच्या प्रत्येक कॅम्पससाठी हेच करा. पानं शेजारी ठेवली की फरक लगेच दिसतात. कुणाला ब्रिटिश साहित्याचा सर्व्हे (कालक्रमानं ओळख करून देणारा कोर्स) दोन्ही भागांत हवा असतो, कुणाला अमेरिकन साहित्य चालतं. जे कोर्स जास्तीत जास्त पानांवर आहेत ते आधी घ्या. साहित्याचे सर्व्हे कोर्स लहान कॉलेजांत दर टर्मला लागत नाहीत, आणि विद्यार्थी कमी भरले तर रद्दही होतात. म्हणून वेळापत्रक बनवताना ते सगळ्यात आधी बसवा आणि बाकीचे विषय त्यांच्याभोवती. क्रिएटिव्ह रायटिंगचा मोह सगळ्यांनाच होतो. जरूर घ्या, पण सर्व्हेची जागा अडवून नव्हे.

निबंधलेखनाचे दोन कोर्स पहिल्या वर्षातच संपवा. 2025 च्या फॉलपासून (शरदातल्या टर्मपासून) कॉलेजांनी काही कोर्सना एकसारखे क्रमांक द्यायला सुरुवात केली. त्यात पहिला लेखनाचा कोर्स ‘इंग्लिश सी 1000’ आणि चिकित्सक विचाराचा दुसरा ‘इंग्लिश सी 1001’ झाला. जुन्या गुणपत्रिकेवर वेगळा क्रमांक असेल तर दोन्हींचा मेळ समुपदेशकाकडून लेखी घ्या. शाळेत एपी इंग्लिशला (कॉलेज पातळीच्या परीक्षेला) 5 पैकी 3 किंवा जास्त गुण असतील तर पहिला कोर्स सुटू शकतो, दुसरा सुटत नाही. गणिताला घाबरून ते शेवटच्या टर्मवर ढकलणारे इंग्रजीवाले खूप असतात. संख्याशास्त्राचा कोर्स चालतो, तो घ्या आणि मोकळे व्हा.

सामान्य विषयांसाठी 2025 च्या फॉलपासून ‘कॅल-गेट-सी’ ही एकच यादी कॅल स्टेट आणि यूसी दोन्हींना चालते. अकरा कोर्स, 34 सेमिस्टर युनिट, प्रत्येकात सी किंवा वर. त्याआधी प्रवेश घेऊन खंड न पाडता शिकणाऱ्यांना जुनी यादी वापरता येते.

जुन्या ‘आय-गेट-सी’ यादीत यूसीसाठी इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेची अट होती. नव्या यादीतून ती गेली, पण यूसीत बऱ्याच ठिकाणी पदवीसाठी भाषेची अट भेटते. इथं महाराष्ट्रातून मोठेपणी आलेल्या मुलांचा एक फायदा आहे. सहावी किंवा त्यापुढची दोन वर्षं मराठी माध्यमात झाली असतील तर जुन्या यादीत ती अट त्यावर पुरी होत असे. कॅम्पसप्रमाणे नियम बदलतो, तरी सातवी-आठवीची प्रगतिपुस्तकं आणि माध्यमाचा उल्लेख असलेला शाळेचा दाखला मागवून ठेवा. गावाकडच्या शाळेतून कागद यायला वेळ लागतो, म्हणून सुट्टीत कुणी जाणार असेल त्याच्याकडे हे काम आत्ताच सोपवा. भारतात पदवीचं एखादं वर्ष झालं असेल तर त्यातल्या इंग्रजीच्या पेपरला इथल्या निबंधकोर्सची जागा मिळेल असं मात्र गृहीत धरू नका.

पैशाचा आणि व्हिसाचा हिशेब एकत्रच करा. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला कम्युनिटी कॉलेजात युनिटमागे 46 डॉलर पडतात, म्हणजे 60 युनिटांचे 2,760. हा दर 2012 पासून तोच आहे. राज्याबाहेरचे ठरलात तर आकडा कितीतरी पटींनी वाढतो, आणि यूसीत त्याचा वर्षाचा जादा भार 30 हजार डॉलरांच्या वर जातो. एच-4 वर (एच-1बी नोकरदाराच्या कुटुंबाच्या व्हिसावर) असलेल्या मुलांना वर्षभराहून जास्त वास्तव्य आणि इथं राहण्याचा इरादा दाखवला तर रहिवासी ठरता येतं. एफ-1 वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, येत नाही. म्हणून एकविसावा वाढदिवस कोणत्या टर्ममध्ये येतो ते कॅलेंडरवर लिहा. त्या दिवशी एच-4 संपतो आणि एफ-1 घ्यावा लागला तर फी बदलते. ग्रीन कार्डची रांग कुठवर आली आहे ते धरून हे इमिग्रेशन वकिलाला आणि कॉलेजच्या ॲडमिशन ऑफिसला, दोघांनाही विचारा. अनेक घरांत कोर्स निवडण्यापेक्षा हा प्रश्न मोठा असतो आणि तो शेवटी काढला जातो.

बे एरियातली डी अँझा आणि फूटहिल ही क्वार्टर पद्धतीची (सेमिस्टरपेक्षा छोट्या टर्मची) कॉलेजं आहेत, तिथं 60 ऐवजी 90 क्वार्टर युनिट लागतात. शेजारच्या सेमिस्टर कॉलेजात उन्हाळी कोर्स घ्यायचा असेल तर एक क्वार्टर युनिट म्हणजे दोन-तृतीयांश सेमिस्टर युनिट, हे धरून बेरीज करा. साहित्याचा एखादा क्रम अर्धा इकडे अर्धा तिकडे करू नका.

अर्जाच्या वर्षी सप्टेंबरमध्ये टॅग, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कॅल स्टेटचे आणि यूसीचे अर्ज. यूसीला एसएटी ही प्रवेशपरीक्षा लागत नाही. चार छोटी उत्तरं लिहायची असतात, प्रत्येकी जास्तीत जास्त 350 शब्दांची, आणि मेजरची तयारी कशी केली हे एक सगळ्यांना सक्तीचं. इंग्रजीवाल्यांना ते सोपं जायला हवं, पण ‘लहानपणापासून वाचनाची आवड’ यावर 350 शब्द खर्च होतात. कोणत्या पेपरमध्ये कोणता मुद्दा मांडला आणि प्राध्यापकांनी तो कुठं खोडला, ते लिहा. त्यासाठी पहिल्या टर्मपासूनचे पेपर आणि कोर्सचे सिलॅबस एका फोल्डरमध्ये जपा. खासगी विद्यापीठांना अर्ज करणार असाल तर शिफारसपत्रंही लागतील, तेव्हा दोन प्राध्यापकांना ओळख राहील इतकं तरी त्यांच्या ऑफिस अवर्सना (विद्यार्थ्यांना भेटायच्या ठरलेल्या वेळेला) जा.

जानेवारीत यूसीच्या पोर्टलवर फॉलचे गुण आणि स्प्रिंगचे (त्यापुढच्या टर्मचे) कोर्स भरायचे. प्रवेश मिळाल्यावर स्प्रिंगमधला एखादा कोर्स सोडायची इच्छा होते, पण विद्यापीठाला न विचारता सोडू नका, प्रवेश रद्द होऊ शकतो. शेवटी प्रत्येक कॉलेजची अंतिम गुणपत्रिका यूसीकडे 1 जुलैपर्यंत पोचवा, आणि तिच्यासोबत कॅल-गेट-सीचं प्रमाणपत्रही मागा. ते आपोआप जात नाही, वेगळा अर्ज करावा लागतो.