भिंत पूड सोडतेय? रंगाचा डबा उघडण्याआधी हे करा

भिंतीला टेकून उठलात आणि सदऱ्यावर पांढरा पट्टा उमटला, तर त्या भिंतीवर थेट रंग लावायच्या भानगडीत पडू नका. आम्ही पडलो होतो. चवथ तोंडावर आलेली, गणपतीवर टांगतो त्या फळाफुलांच्या माटोळीमागची भिंत मळकट दिसत होती, म्हणून गोव्यातल्या डिचोलीच्या घरात जुन्या चुन्यावरच प्लास्टिक रंगाचे दोन हात मारले. गणपतीपुरता रंग झकास दिसला. दिवाळीत भिंतीवरची चिकटपट्टी ओढली, तर तिच्याबरोबर तळहाताएवढा पापुद्रा आला. त्याच्या पाठीवर चुन्याची पूड होती आणि खालची भिंत होती तशीच कोरी.

रंगाचा यात दोष नव्हता. तो घट्ट चिकटला होता, पण भिंतीला नव्हे, पुडीला. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू चुनखडीसारखा कठीण होतो. थर जाड बसला किंवा फार लवकर वाळला, की हे काम अर्धवट राहते आणि वरची भुकटी सुटी राहते. जुन्या डिस्टेंपरचीही हीच रड.

यावर उपाय म्हणजे भिंतीचा कंडिशनर, रंगाआधी लावायचा द्रव. तो ही सुटी भुकटी बांधून ठेवतो. तो पातळ असतो, त्यातले राळेचे कण बारीक असतात, त्यामुळे तो वर न थांबता आत मुरतो आणि पूड व गिलावा यांना एकमेकांत धरून ठेवतो. आमची आजी चुन्याच्या निवळीत डिंक घालायची, तो याच कामासाठी. केसांच्या कंडिशनरचे गणित मात्र वेगळे. धुतलेल्या केसांवर ऋण भार असतो, त्यावर धन भाराचे रेणू जाऊन बसतात. नाव एक, चिकटण्याची तऱ्हा निराळी.

आधी तपासणी. काळे फडके भिंतीवर दाबून फिरवा; पांढरे झाले तर कंडिशनर हवाच. मग ओल बघा, आणि गोव्यात हीच पायरी सगळ्यात महत्त्वाची. फूटभर प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने हवाबंद करून एक दिवस ठेवा. आतल्या बाजूला पाणी साचले तर भिंत अजून ओली आहे. आपला चिरा, म्हणजे जांभा दगड, सच्छिद्र, जमिनीतले पाणी तो वर ओढतो. अशा भिंतीवर काहीही लावले तरी ते फुगून येणार. ओल कुठून येते ते शोधा, पन्हळ दुरुस्त करा, भिंतीला टेकलेली माती हटवा आणि वाळायला वेळ द्या.

लोणा, म्हणजे भिंतीवर फुललेले पांढरे क्षार, लागला असेल तर तो कोरड्या ब्रशने झाडा. पाण्याने धुतलात तर क्षार विरघळून पुन्हा भिंतीतच शिरतात. काळ्या बुरशीला एक भाग ब्लीच आणि तीन भाग पाणी लावून पंधरा मिनिटे थांबा, मग धुऊन वाळवा. खिडक्या उघड्या ठेवा आणि ब्लीचमध्ये ॲसिड कधीच मिसळू नका. दारे-खिडक्यांवरचे जुने ऑइलपेंट कोरडे घासू नका. घरगुती रंगातल्या शिशाला 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा 2017 मध्ये लागू झाली, त्याआधीच्या थरांत शिसे असू शकते. पाणी मारून, मास्क लावून खरवडा.

आता भिंत लोखंडी पट्टीने खरवडा, सुटेल तेवढे सगळे सुटू द्या. या कामाला रंगारी कंटाळतो, म्हणून डोळ्यांसमोर करून घ्या. धूळ झाडली की कंडिशनर. दुकानात नुसते 'प्रायमर द्या' म्हणू नका, जाडसर प्रायमर वरच राहतो. पूड सुटणाऱ्या भिंतीसाठीचा, आत मुरणारा मागा. डब्यावर लिहिले असेल तसाच लावा, ब्रशने चोळून. भिंत पिईल तेवढेच. वर चकाकी आली तर माल जास्त झाला, त्या गुळगुळीत थरावर रंग नीट धरत नाही.

वाळल्यावर पुन्हा काळे फडके फिरवा. अजून पांढरे होत असेल तर दुसरा हात. फडके स्वच्छ आले की मगच पुट्टी आणि रंग. नवा सिमेंटचा गिलावा असेल तर हे सगळे करण्याआधी त्याला 28 दिवस द्या.

मातीत बांधलेल्या, चुन्याने लिंपलेल्या जुन्या भिंतींना मात्र मी कंडिशनर आणि प्लास्टिक रंग दोन्ही सहसा सुचवत नाही. ती भिंत श्वास घेते. तोंड बंद केले की ओल आत अडकते आणि क्षार रंग ढकलून बाहेर काढतात. तिला चुनाच मारत राहा. चवथीच्या घाईतही तोच बरा, कारण दमट भिंत त्याला चालते. बाकी खोल्यांचे रंगकाम दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर करा.