मे महिन्याच्या सुट्टीत मुलं घरी असताना या चुका टाळा

सगळ्यात महागात पडते ती झोपेची चूक. ‘सुट्टीच आहे, झोपू दे’ म्हणता म्हणता झोपायला रात्रीचे 11:30 आणि उठायला सकाळचे 8:30 वाजायला लागतात. मग 15 जूनला शाळा म्हणून 14 च्या रात्री मुलाला नऊलाच अंथरुणावर घालतात. झोप कुठली येणार! ते कूस बदलत राहतं, आई चिडते, बाबा ओरडतात. सकाळी 6:30 ला रडारड, दूध तसंच, बस चुकलेली.

शरीराचं घड्याळ एका रात्रीत दोन तास मागे येत नाही. दर दोन दिवसांनी 15 मिनिटं अलीकडे आणा. दोन तासांना 16 दिवस लागतात, म्हणजे 30 मेलाच सुरुवात हवी. विदर्भात शाळा उशिरा उघडतात, तिथे त्या हिशेबाने. सुरुवात रात्रीपासून नको, सकाळपासून करा. मुलाला उठवून लगेच गॅलरीत किंवा अंगणात उजेडात न्या, दुपारची झोप अर्ध्या तासावर आणा. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना 9 ते 12 तास झोप लागतेच, तेव्हा उठण्याची वेळ अलीकडे आली की निजण्याचीही आणा.

दुसरी चूक: ‘कंटाळा आला’ ऐकताच हातात मोबाइल. हा उपाय पाच मिनिटांत लागू पडतो, म्हणूनच तो वाईट. उद्या मूल तेच वाक्य दहा मिनिटं आधी म्हणतं. वीस मिनिटं काहीही सुचवू नका. कुरकुर होईल, होऊ द्या. तेवढाही धीर नसेल तर खरं काम द्या: शेंगा फोडणं, चिंचेतले चिंचोके काढणं, वाळवणावर लक्ष ठेवणं. सात वर्षांच्या पुढचं मूल तुम्ही शेजारी असताना सोलाण्याने कैरी सोलू शकतं. वाकडीतिकडी सोलली तर पुन्हा सोलायला बसू नका, पन्ह्यात सगळं खपतं. मोबाइल द्यायचाच तर आपोआप पुढचा भाग लावणारी सेटिंग आधी बंद करा आणि मिनिटांऐवजी भाग मोजा. गोष्ट अर्ध्यावर तुटली की भांडण ठरलेलंच.

तासातासाचं वेळापत्रक भिंतीवर लावू नका, चार दिवसांत फाटतं. उठणं, जेवण आणि संध्याकाळचा खेळ एवढंच पक्कं ठेवा.

12 ते 4 उन्हात खेळू देऊ नका. तहान लागायची वाट न बघता दर तासाला पाणी द्या.

जेवणाआधी आंबा दिला तर पोळीभाजी उरणारच.

विहीर, तळं, सोसायटीचा पूल: पोहता येणाऱ्या मुलालाही मोठ्या माणसाशिवाय पाठवू नका, आणि त्या मोठ्या माणसाच्या हातात फोन नको.